पोस्टातली नोकरी आणि पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वेळी ग्रामीण डाक सेवकांच्या भरतीची जाहिरात आली की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "पोस्टात जागा निघाल्यात म्हणे, भाचीचा फॉर्म भरायचाय, पगार किती?" भाची कुठल्या जागेसाठी फॉर्म भरतेय हे विचारलं की पलीकडे शांतता. पोस्टात म्हणजे पोस्टात! खात्यात आयुष्य गेल्यामुळे या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. तीच इथे लिहून ठेवतो. पगाराच्या हिशेबात महागाई भत्ता सगळीकडे जुलै २०२५ पासूनचा, म्हणजे ५८ टक्के धरला आहे. तो दर सहा महिन्यांनी बदलतो, तेव्हा वाचताना चालू दर घालून पुन्हा गुणाकार करा.

पोस्टातली नोकरी म्हणजे नेमकी कोणती?

आधी एक गोष्ट पक्की करा. खाकी पिशवी खांद्याला लावून दारात येणारी दोन माणसं दोन वेगळ्या नियमांखाली काम करत असू शकतात. एक खात्याचा कायम कर्मचारी असतो: पोस्टमन, एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ), मेल गार्ड, पोस्टल असिस्टंट, सॉर्टिंग असिस्टंट. याला सातव्या वेतन आयोगाचा पगार मिळतो. दुसरा ग्रामीण डाक सेवक. तोही पत्रंच वाटतो, पण त्याच्या स्लिपवर 'मूळ वेतन' हा शब्द नसतो, तिथे 'टीआरसीए' लिहिलेलं असतं. पूर्ण रूप टाइम रिलेटेड कंटिन्युइटी अलाउन्स, म्हणजे कामाच्या तासांनुसार मिळणारा भत्ता.

जाहिरात हातात आली की पगाराच्या रकान्यात 'लेव्हल' (वेतन आयोगाची पगारश्रेणी) आहे की 'टीआरसीए', एवढं पाहा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

ग्रामीण डाक सेवकाला महिन्याला हातात किती येतात?

यात तीन नावं येतात: ब्रँच पोस्टमास्तर (गावातल्या शाखा टपाल कार्यालयाचा प्रमुख) म्हणजे बीपीएम, असिस्टंट ब्रँच पोस्टमास्तर म्हणजे एबीपीएम, आणि डाक सेवक. चार तासांच्या ऑफिसात बीपीएमची सुरुवात १२,००० रुपयांवर होते आणि श्रेणी २९,३८० पर्यंत जाते. एबीपीएम आणि डाक सेवकाची सुरुवात १०,००० वर, टोक २४,४७०. पाच तासांचं ऑफिस असेल तर बीपीएमला १४,५०० ते ३५,४८० आणि बाकीच्यांना १२,००० ते २९,३८०.

यावर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्याच दराने महागाई भत्ता. नव्या एबीपीएमचे १०,००० अधिक ५,८०० मिळून १५,८०० झाले. चार तासांच्या बीपीएमचे १८,९६०, पाच तासांच्या बीपीएमचे २२,९१०. वर्षाला तीन टक्के वाढ. घरभाडे भत्ता नाही, वाहतूक भत्ता नाही. बीपीएमला ऑफिसच्या जागेपोटी थोडीफार रक्कम मिळते, पण ती धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नका.

यूट्यूबवर 'दहावी पासला २९,३८० रुपये पगार' असं लाल अक्षरांत दिसतं ना, तो आकडा श्रेणीच्या शेवटच्या टोकाचा आहे. तीन टक्क्यांच्या चालीने तिथे पोचायला तीस वर्षं लागतात.

हे दर कधी ठरले?

माजी पोस्टल बोर्ड सदस्य कमलेश चंद्र यांच्या समितीने नोव्हेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला आणि तो दीड वर्ष पडून राहिला. मे २०१८ मध्ये देशभरातले ग्रामीण डाक सेवक संपावर गेले, खेड्यापाड्यांतली ब्रँच ऑफिसं दोन आठवडे बंद राहिली. ६ जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि १ जुलै २०१८ पासून नवे दर लागू झाले. मूळ आकडे अजून तेच आहेत, वाढतो तो फक्त महागाई भत्ता.

मार्च २०२४ मध्ये एक भर पडली: १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर अनुक्रमे ४,३२०, ५,५२० आणि ७,२०० रुपयांची वाढ. ही रक्कम वर्षाची आहे. म्हणजे बारा वर्षं गावोगाव सायकल हाणल्यावर महिन्याला ३६० रुपये. कायम कर्मचाऱ्याला बढती मिळाली नाही तर १०, २० आणि ३० वर्षांनी थेट वरची लेव्हल मिळते. तुलना तुम्हीच करा.

मग ग्रामीण डाक सेवक सरकारी नोकर आहे की नाही?

आहेही आणि नाहीही. हे लोक पूर्वी 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणजे 'ईडी' म्हणून ओळखले जायचे. जुनी माणसं अजूनही 'ईडी पोस्टमास्तर' म्हणतात. हल्ली त्या अक्षरांचा वेगळाच धाक असल्याने ऐकणारा दचकतो. मूळ कल्पना अशी होती की गावातला शाळामास्तर, वाणी किंवा शेतकरी आपलं काम सांभाळून दोन-चार तास टपालाचं बघेल आणि खातं त्याला भत्ता देईल. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही पदं 'नागरी पदं' आहेत, त्यामुळे माणसाला मनमानी काढून टाकता येणार नाही. पण ती नियमित सेवेच्या बाहेरची नागरी पदं आहेत. त्या 'बाहेरची'मध्ये पेन्शन गेली, घरभाडं गेलं, वेतन आयोगही गेला.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ग्रामीण डाक सेवक म्हणून केलेली वर्षं पुढे पोस्टमन झाल्यावर पेन्शनच्या सेवेत मोजली जाणार नाहीत. पंधरा-वीस वर्षं ब्रँच ऑफिसात काढून पन्नाशीला टेकताना खात्यात गेलेल्यांना हा निकाल फार लागला.

गंमत म्हणजे निवृत्तीचं वय मात्र इथे जास्त आहे. डाक सेवक ६५ व्या वर्षापर्यंत काम करतो, कायम कर्मचारी साठीला घरी जातो.

चार तासांचं काम खरंच चार तासांत संपतं का?

कागदावर हो. प्रत्यक्षात सगळं एसटीवर अवलंबून असतं. अजूनही कित्येक गावांत टपालाची बॅग सकाळच्या एसटीने येते. कंडक्टर बॅग खाली टाकतो, एबीपीएम ती सायकलला अडकवून आणतो, बीपीएम सील बघून ती फोडतो. आतली पत्रं, स्पीड पोस्ट, रोकड, यादीशी ताळा. मग शिक्क्यातली तारखेची बारीक अक्षरं चिमट्याने बदलायची आणि कागदावर एक ठसा उमटवून बघायची. एवढं पाऊण तासात उरकतं. खोळंबा होतो तो यंत्रापाशी. हातातल्या मशिनला रेंज नसते, म्हणून देवळाच्या ओट्यावर उभं राहून पैसे भरण्याचे व्यवहार करणारे पोस्टमास्तर मी पाहिले आहेत. आजीबाई अंगठा लावायला आलेल्या, अंगठ्याच्या रेषा शेतात झिजलेल्या, मशीन ठसा घेत नाही. 'पाच मिनिटांनी पुन्हा लावू' असं तीन वेळा होतं.

संध्याकाळी परतीच्या एसटीला बॅग द्यायची, म्हणजे तोवर बांधून तयार हवी. मधल्या वेळात ग्रामीण टपाल विमा, सुकन्या समृद्धी आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांचं टार्गेट. डिव्हिजनच्या, म्हणजे टपाल विभागाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊला 'आज शून्य कुणाकुणाचं?' असा मेसेज येतो, तो वेळ त्या चार तासांत धरलेला नाही.

निवड कशी होते? परीक्षा, मुलाखत?

दोन्ही नाही. दहावीच्या गुणांवर संगणकातून गुणवत्ता यादी लागते, टक्केवारी चार दशांशांपर्यंत मोजतात. बारावी, पदवी, एमए काहीही असलं तरी त्याचा एक गुणही वाढत नाही. वय १८ ते ४०. अनुसूचित जाती-जमातींना पाच, ओबीसींना तीन आणि दिव्यांगांना दहा वर्षं सवलत. दहावीला गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण हवं, स्थानिक भाषा किमान दहावीपर्यंत शिकलेली हवी, सायकल चालवता यायला हवी, संगणकाचं जुजबी ज्ञान हवं. फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी महिलांना तीही नाही.

टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. मुंबई, नवी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी अशी सहा रीजन आहेत. अर्ज कुठल्या तरी एकाच डिव्हिजनमध्ये करता येतो, त्यामुळे डिव्हिजन निवडताना डोकं लावा. सगळे पुण्याकडे धावतात आणि तिथे यादी चढते. खुल्या गटात नव्वदीपुढचे गुण लागणं नेहमीचं झालं आहे. पण पहिल्या यादीत नाव नाही म्हणून फॉर्म विसरू नका. निवडलेली बरीच मुलं रुजूच होत नाहीत, म्हणून दुसरी, तिसरी, चौथी अशा याद्या लागत राहतात. चार महिन्यांनी मेसेज आलेली मुलं मला माहीत आहेत.

या पद्धतीबद्दल माझं मत विचाराल तर ती भ्रष्टाचाराला आळा घालते आणि माणसं चुकीची निवडते. दहावीला ९६ टक्के मिळवणारी मुलगी इंजिनिअरिंगला जाते, सुट्टीत भरलेल्या फॉर्मवर तिची डोंगरातल्या वाडीत निवड होते, ती दोन महिने काढून राजीनामा देते आणि ऑफिस पुन्हा शेजारच्या गावच्या माणसाकडे चार्जमध्ये जातं. त्याच वाडीतला, गाव ओळखणारा, ७२ टक्क्यांचा पोरगा बघत बसतो.

दुसऱ्या जिल्ह्यात निवड झाली तर घरून ये-जा चालेल का?

नाही. बीपीएमने ज्या गावात ऑफिस आहे त्याच गावात राहायचं असतं, आणि ऑफिसला जागाही त्यानेच बघायची असते: गावाच्या मध्यावर, लोकांना येता येईल अशी. बाकीच्यांनी त्या ब्रँच ऑफिसच्या हद्दीत राहायचं. विदर्भातला मुलगा सिंधुदुर्गात निवडला गेला की पहिला प्रश्न भाड्याच्या खोलीचा येतो, आणि १५,८०० मधून ती खोली काढली की उरतं काय ते घरी बसून मोजा. त्यातून जेवणाचा डबा वेगळाच. बदलीची सोय आहे, पण ती मर्यादित आहे आणि रुजू होताच मिळत नाही.

नोकरी सांभाळून दुसरा धंदा करता येतो का?

करता येतो असं नाही, तो असायलाच हवा! नियमातच अट आहे की डाक सेवकाला उपजीविकेचं दुसरं पुरेसं साधन हवं. शेती, पिठाची गिरणी, किराणा, शिकवण्या, सगळं चालतं, फक्त ऑफिसच्या वेळेआड यायला नको. चालत नाही ते असं: बाहेरच्या विमा कंपनीची एजन्सी आणि राजकारण. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर आधी राजीनामा.

रजा, बोनस, म्हातारपणाची सोय?

ग्रामीण डाक सेवकाला वर्षाला २० दिवस भरपगारी रजा आणि ५ दिवस तातडीची रजा. महिलांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा. पेन्शन नाही; सेवा संपताना ग्रॅच्युइटी आणि स्वतःच्या व खात्याच्या वर्गणीतून साठलेली रक्कम.

बोनसबद्दल एक गैरसमज काढतो. दसऱ्याआधी पेपरात 'टपाल कर्मचाऱ्यांना ६० दिवसांचा बोनस' अशी बातमी येते आणि सोसायटीतले लोक पेढे मागतात. त्यांना वाटतं दोन महिन्यांचा पगार मिळाला. हिशेबासाठी महिन्याचा पगार ७,००० रुपयेच धरतात, तुमचा खरा पगार कितीही असो. ७,००० गुणिले ६०, भागिले ३०.४, म्हणजे १३,८१६ रुपये.

आता कायम पदांचं सांगा. पोस्टमनचा पगार किती?

पोस्टमन आणि मेल गार्ड लेव्हल ३ मध्ये येतात: २१,७०० ते ६९,१००. पुण्यात नव्याने लागलेल्या पोस्टमनची स्लिप अशी दिसेल. मूळ वेतन २१,७००. महागाई भत्ता १२,५८६. घरभाडं ३० टक्क्यांनी ६,५१०. वाहतूक भत्ता ३,६०० आणि त्यावरचा महागाई भत्ता धरून ५,६८८. एकूण ४६,४८४. यातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ३,४२९ रुपये पेन्शन खात्यात जातात. व्यवसाय कर २००, सीजीएचएसचे (केंद्राच्या आरोग्य योजनेचे) २५०, गट विम्याचे ३०. हातात सुमारे साडेबेचाळीस हजार. गणवेशाचा भत्ता वर्षातून एकदा वेगळा.

याच्या शेजारी एबीपीएमचे १५,८०० ठेवा. दोघंही दारोदार पत्रंच वाटतात. ग्रामीण डाक सेवक दहा-दहा वर्षं खात्याच्या परीक्षेला का बसत राहतात, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

एमटीएस आणि क्लार्कचा पगार?

एमटीएस म्हणजे पूर्वीचा 'ग्रुप डी', जुन्या भाषेत शिपाई किंवा पॅकर. लेव्हल १, सुरुवात १८,०००. कोल्हापुरात असेल तर घरभाडं २० टक्के धरून एकूण ३३,४६२.

पोस्टल असिस्टंट म्हणजे काउंटरपलीकडची व्यक्ती. लेव्हल ४, २५,५०० ते ८१,१००. मुंबईत एकूण ५३,६२८, साताऱ्यात ४५,६८४. मूळ वेतन एकच, फरक पडतो शहराच्या वर्गाने. घरभाड्यासाठी मुंबई आणि पुणे वरच्या वर्गात. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सांगली, अमरावती वगैरे मधल्या. बाकी सगळं खालच्या. नागपूरकरांसाठी एक सुखद अपवाद: घरभाड्यात नागपूर मधल्या वर्गात असलं तरी वाहतूक भत्ता मुंबई-पुण्याच्या दराने मिळतो.

काउंटरच्या नोकरीचा एक खर्च मात्र कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. संध्याकाळी रोकड मोजली आणि ५०० कमी भरले, तर ते खिशातून घालायचे. मी लागलो त्याच महिन्यात एका दुपारी दोन हजार रुपये जास्त देऊन बसलो होतो. ज्यांना दिले ते गृहस्थ परत कधीच त्या काउंटरला आले नाहीत. तेव्हापासून गड्डी दोनदा मोजायची सवय लागली, ती घरी भाजीवाल्याला पैसे देतानाही जात नाही.

पोस्टमनची थेट भरती निघते का?

क्वचित. महाराष्ट्र सर्कलने २०२० मध्ये पोस्टमन, मेल गार्ड आणि एमटीएस मिळून १,३७१ जागांची थेट भरती काढली होती. तशी जाहिरात रोज येत नाही. बहुतांश जागा खात्यातल्याच परीक्षांनी भरल्या जातात: एमटीएस आणि ग्रामीण डाक सेवकांतून पोस्टमन, पोस्टमनमधून पोस्टल असिस्टंट. बाहेरून येणाऱ्या दहावी पास मुलासाठी ग्रामीण डाक सेवक हीच पहिली पायरी उरते. त्या भत्त्यात मुलं टिकून राहतात ती त्यासाठीच. खेळाडूंसाठी मात्र वेगळा दरवाजा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये देशभरात १,८९९ जागा क्रीडा कोट्यातून निघाल्या होत्या.

पोस्टल असिस्टंटला बारावी चालते ना?

पूर्वी चालायची. तेव्हा निवड स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या बारावीच्या परीक्षेतून, सीएचएसएलमधून व्हायची. आता पोस्टल असिस्टंट आणि सॉर्टिंग असिस्टंटची बाहेरून भरती पदवीधरांच्या परीक्षेतून, सीजीएलमधून होते; वय १८ ते २७. जुनी पुस्तकं आणि अर्ध्याअधिक क्लासवाले अजून बारावीच सांगत फिरतात. फी भरायच्या आधी कमिशनची ताजी जाहिरात स्वतः उघडून वाचा.

याच सीजीएलमधून पोस्टल इन्स्पेक्टर, खात्यातले 'आयपी साहेब', होता येतं. लेव्हल ७, सुरुवात ४४,९००. ब्रँच ऑफिसांची तपासणी, चौकश्या, टार्गेट, सगळं यांच्या गळ्यात. आणि सगळ्यात वर यूपीएससीतून इंडियन पोस्टल सर्व्हिस, लेव्हल १०, सुरुवात ५६,१००.

सॉर्टिंग असिस्टंट आणि पोस्टल असिस्टंट यांत काय निवडावं?

पगार एकच. सॉर्टिंग असिस्टंट आरएमएसमध्ये असतो, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. पब्लिकशी संबंध नाही, विमा विका म्हणून मागे लागणारं कुणी नाही, पण रात्रपाळी आली. पिनकोडचे सहा आकडे बघून हात आपोआप योग्य खान्याकडे जातो: ४१६ कोल्हापूर, ४०३ गोवा. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले. संस्कृतात कविता करणारा माणूस टपालाचे आकडे लावून गेला. ज्यांना माणसांच्या गर्दीपेक्षा रात्रीची शांतता बरी वाटते त्यांनी सॉर्टिंग घ्यावं.

बदली मूळ गावी मिळते का?

पोस्टल असिस्टंटला 'रूल ३८' खाली विनंती बदली मागता येते. किंमत अशी की नव्या डिव्हिजनमध्ये ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली जावं लागतं. घराजवळ येतो, बढती लांब जाते. बहुतेक जण घरच निवडतात.

जुनी पेन्शन आहे का?

१ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना नाही. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, तुमचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जमा होतात. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा, म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेचा, पर्याय आला आहे: २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांना किमान १०,०००.

आठव्या वेतन आयोगाचा फायदा कुणाला?

न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरली आणि अहवालाला १८ महिने दिले आहेत. पोस्टमन, एमटीएस, क्लार्क, इन्स्पेक्टर हे सगळे त्यात आले. ग्रामीण डाक सेवकांसाठी आजवर प्रत्येक वेळी वेगळी समिती बसत आली आहे. कमलेश चंद्र समितीही सातव्या आयोगापासून वेगळीच होती. तेव्हा 'आठव्या आयोगाने डाक सेवकाचा पगार तिप्पट' असे व्हिडिओ बघून लग्नाची बोलणी करू नका.

जातीचा दाखला कोणता लागतो?

इथे आपली मुलं सर्वांत जास्त अडकतात. पोस्ट केंद्राचं खातं आहे, त्यामुळे राज्याचे प्रवर्ग जसेच्या तसे चालत नाहीत. व्हीजेएनटी आणि एसबीसी असे वेगळे गट केंद्रात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन क्रीमी लेअरसह. राज्याचं एसईबीसी आरक्षणही केंद्रात लागू नाही. मराठा उमेदवार आर्थिक निकषांत बसत असेल तर त्याने ईडब्ल्यूएसचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा. तहसीलमध्ये 'केंद्रासाठी पाहिजे' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचा नमुना हातात पडतो आणि पडताळणीच्या टेबलावर नाव कटतं.

पोस्टाच्या नावाने येणाऱ्या दुसऱ्या जाहिराती खऱ्या असतात का?

काही खऱ्या असतात, पण त्या नोकरीच्या नसतात. 'टपाल जीवन विम्यासाठी थेट मुलाखत' म्हणजे कमिशनवरचा एजंट. पॉलिसी विकली तर पैसे, नाही तर काही नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सरकारी मालकीचीच, पण १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली वेगळी कंपनी आहे; तिच्या जागा म्हणजे डाक खात्याच्या जागा नव्हेत.

"दोन लाख द्या, यादीत नाव घालतो" असा फोन आला आहे. काय करू?

फोन ठेवा. यादी संगणक गुणांवर लावतो, त्यात मध्ये हात घालायला जागा नाही. हे दलाल एक तर ज्याचं नाव तसंही येणार होतं त्याच्याकडून पैसे काढतात, नाहीतर ९८ टक्क्यांची बनावट गुणपत्रिका हातात ठेवतात. गुणपत्रिका बोर्डाकडे पडताळणीला जाते. सहा-आठ महिने नोकरी केल्यावर उत्तर येतं, नोकरी जाते आणि गुन्हा दलालावर नव्हे, ज्याच्या नावाची गुणपत्रिका त्याच्यावर आधी दाखल होतो.

अर्ज करताना हमखास होणाऱ्या चुका?

गुणपत्रिकेवरची टक्केवारी टाकू नका, विषयवार गुण जसे छापलेत तसेच भरा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, आधारप्रमाणे नव्हे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र तयार ठेवा. आणि मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका. निवडीचा मेसेज त्या नंबरवर जातो, कागदपत्रांची मुदत पंधरवड्याची असते, आणि कॅफेवाला दिवाळीला गावाला गेलेला असतो.

संगणक येतो, पण सायकल येत नाही. चालेल?

स्कूटर किंवा मोटरसायकल येत असेल तर ती सायकल येण्यातच धरतात.